टेंभीच्या देवळाची कौलं

साल दोन हजार वीस. निसर्ग वादळ तीन जूनला आलं आणि संध्याकाळपर्यंत निघूनही गेलं. पण अमोलिकांच्या घरात ते शिरलं नोव्हेंबरच्या बावीस तारखेला, रविवारी, जेवणाच्या टेबलावर.

तारीख विसरण्यासारखी नव्हती. मार्चपासून कुलूपबंद असलेली देवळं त्या दिवाळीच्या पाडव्याला उघडली आणि हा त्यानंतरचा पहिला रविवार. पनवेलच्या ख्रिस्ती मंडळीत एका बाकावर दोनच माणसं, तीही दोन टोकांना. पाळकसाहेबांनी आशीर्वाद दिला तोही मास्कमधून. तरी बायका पदराने डोळे पुसत होत्या. सुनंदाताई तेव्हा त्र्याहत्तर वर्षांच्या. एवढ्या आयुष्यात सलग आठ महिने देवळाची पायरी चढली नाही असं कधी झालं नव्हतं.

उपासना सुटल्यावर सगळे त्यांच्या भावाकडे, विश्वजीतकडे जेवायला गेले. वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, बैठं घर पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत त्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. त्या पाडापाडीच्या वेळी भावाभावांत जे झालं ते झालं. त्यानंतर धाकटा कुमार या घरात पाटाला पाट लावून बसला तो आजच. खारघरहून आला होता, लेक अनुष्काला घेऊन. शेजारचे हायम बिनबोलावता आले होते. ते विश्वजीतचे शाळेपासूनचे दोस्त. बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले ज्यू, वीज मंडळातून निवृत्त झालेले. बायको वारली, मुलं परदेशी गेली, तेव्हापासून रविवारचं जेवण त्यांचं इथेच. मांस त्यांना बाहेरचं चालायचं नाही, म्हणून विश्वजीतची बायको कुमुद त्यांच्यासाठी वालाचं बिरडं वेगळ्या भांड्यात शिजवायची.

जेवणाआधीची प्रार्थना कुमारने केली. सगळ्या जगाच्या आजारातून सुरुवात करून तो नवी मुंबईपर्यंत पोचला, तेव्हा हायमनी एक डोळा उघडला.

"कुमार, आमेन जवळ आलं का रे? बिरडं थंड होतंय."

"आमेन," कुमार म्हणाला, आणि विश्वजीतसुद्धा हसला. सुनंदाताईंना वाटलं, चला, बरं झालं. आज काही बिनसणार नाही.

जेवणं झाल्यावर कुमुदने टेबल पुसलं आणि विश्वजीतने त्याची तपकिरी फाईल काढली. तो बांधकाम खात्यातला ओव्हरसियर. चुकीच्या मापावर सही केली नाही म्हणून दोनदा बदली पत्करलेला माणूस. निवृत्तीनंतर पुण्याच्या मिशनने त्याला या भागाचा मानद पाहणीदार नेमलं होतं. वादळात पडझड झालेल्या गरीब गावांतल्या देवळांना मिशन छपराचं सामान देणार होतं. उरणच्या बाजूचं एक, चिरनेरच्या बाजूचं एक आणि टेंभीचं एक, असे तीन कागद त्याच्याकडे होते. विश्वजीतची सही झाली की सामान निघणार. बुधवारी पुण्यात बैठक होती.

पहिल्या दोन्ही ठिकाणी तो स्वतः जाऊन आला होता. टेंभीला मात्र त्याच्या गुडघ्याने दगा दिला, म्हणून ऑक्टोबरमध्ये अनुष्का गेली होती. फोटो तिने काढले, फॉर्मही तिनेच भरला.

"टेंभीचे फोटो तुम्ही कुणी पाहिलेच नाहीत," अनुष्का म्हणाली. "थांबा, टीव्हीवर लावते."

टेंभी म्हणजे आपट्याच्या पुढे नदी ओलांडली की डोंगराच्या पायथ्याची वाडी. अमोलिकांच्या घरात ते नाव घरच्या माणसासारखं घेतलं जाई. आप्पा तिथे अडुसष्ट साली शाळा घ्यायला गेले आणि देऊळ बांधून परत आले. भिंती कुडाच्या, पण छप्पर मंगलोरी कौलांचं. कौलं गलबतातून पनवेलच्या बंदरात उतरली, हायमच्या वडिलांच्या वखारीत महिनाभर पडून राहिली, मग बैलगाड्यांनी आपट्याला, आणि नदीपासून पुढे बायकांच्या डोक्यावरून. भिंती नंतर दगडाच्या झाल्या. छप्पर तेच राहिलं. सुनंदाताई पुढे नर्स होऊन त्याच भागात सव्वीस वर्षं हिंडल्या. वाडीतली अर्धी माणसं त्यांच्याच हातावर जन्मली होती.

टीव्हीवर देऊळ आलं. चार दगडी भिंती, वर नुसते वासे आणि कौलं टेकवायच्या रीपा, आणि त्यांच्या मधून निळं आभाळ.

"अरेरे," कुमुद म्हणाली.

"एक कौल राहिलं नाही," कुमार म्हणाला. "काय वारा असेल तो!"

पुढचा फोटो सगळ्या वाडीचा, देवळासमोर ओळीत. मधोमध हिरामण, टेंभीच्या मंडळीचा पुढारी, हात जोडून. शेजारी त्याची बायको मैना. कुणी हसत नव्हतं. अनुष्काने तो फोटो मोठा केला, माणसं दिसावीत म्हणून. सुनंदाताईंची नजर मात्र माणसांच्या मागे गेली. मैनाच्या घरावर लाल मंगलोरी कौलं होती. मैनाचं घर आयुष्यभर गवताने शाकारलेलं त्यांनी पाहिलं होतं. आणि त्या लाल कौलांत एक कौल उन्हाने लखलखत होतं. काचेचं.

सगळ्या टेंभीत काचेचं कौल एकच होतं. आप्पांनी ते व्यासपीठाच्या वर, छपरात बसवलं होतं, वचन वाचताना दिवा लागू नये म्हणून.

"आत्या, चहा?" अनुष्काने विचारलं.

"आले," म्हणून सुनंदाताई उठल्या आणि फोन घेऊन आतल्या खोलीच्या गॅलरीत गेल्या. मैनाच्या मुलाने, परेशने, फोन उचलला. त्यांनी आईला द्यायला सांगितलं.

"मैने, तुझ्या घरावर काचेचं कौल कुठून आलं?"

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"बाय, तू कुठं पायलंस?"

"टीव्हीवर."

"टीवीवर? आमचं घर?"

"मैने."

मग मैनाने सांगितलं. वाऱ्याने देवळाची तिसरा हिस्सा कौलं फेकली होती, हे खरं. पण वाडीतली घरं तर सगळीच उघडी पडली होती. "आठ दिसांत पाऊस लागला, बाय. आपट्याचा बाजार बंद. फाट्यावर पोलीस. ताडपत्री मिलंना, पत्रा मिलंना. माज्या सुनेला सात दिसांची पोर. आन तिकडं देवलाला कुलूप, सरकारचा हुकूम. आत मानूस नाय आन वर छप्पर. आमचा म्हातारा रातभर बसला, सकाली म्हनला, शिडी आना."

"मग अनुष्काला का नाही सांगितलंत?"

"पोरीनं इचारलं, वाऱ्यानं नेलं ना? आमी गप ऱ्हायलो. काय सांगायचं? आप्पांनी घातलेलं छप्पर आमी उतरवलं? विश्वजीतदादांना कलंल तर पुन्ना उंबऱ्यावर उभं करतील काय आमाला?" मैनाचा आवाज खाली आला. "बाय, तुज्या तोंडून दादांच्या कानावर नको जाऊ दे. शब्द दे."

सुनंदाताईंनी मैनाची तीन बाळंतपणं केली होती. एका पुराच्या वर्षी मैनाने त्यांना पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता. त्यांनी शब्द दिला.

"माझ्या तोंडून जाणार नाही."

बाहेर आल्या तर विश्वजीतने चष्मा चढवला होता आणि पेनाचं टोपण काढलं होतं. तो मोठ्याने वाचत होता. "नुकसानाचे कारण. चक्रीवादळाने संपूर्ण छप्पर उडून गेले. पाहणीदाराने खात्री केली आहे."

"आज सही करू नकोस," सुनंदाताई म्हणाल्या.

सगळ्यांनी वर पाहिलं.

"का?"

"तू पाहिलं नाहीस म्हणून. 'खात्री केली आहे' असं लिहिलंय ना?"

"ताई, अनुष्का जाऊन आली की," कुमार म्हणाला. "तिच्यावर भरवसा नाही का?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलंसच, आत्या," अनुष्काचा चेहरा उतरला. "मी दोन दिवस गेले होते. एसटी नव्हती, नदीपासून चालत गेले. सगळी मापं घेतली."

"मापं बरोबरच असतील गं बाळा."

"मग काय बरोबर नसेल?"

उत्तर होतं, पण ते आता सुनंदाताईंचं राहिलं नव्हतं. विश्वजीत पेन हातात धरून बसला. सही करण्याआधी कुणी अडवलं की त्याला बरं वाटे, हे फक्त कुमुदला ठाऊक होतं. पण कुमुदने आजवर या नणंदेची बाजू घेतल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. घर पाडायचं ठरलं तेव्हा सुनंदाताई विरोधात होत्या आणि कुमुद म्हणाली होती, ज्यांनी इथे भांडी घासली नाहीत त्यांनी भिंतींचा पुळका दाखवू नये. ते वाक्य दोघींमध्ये अकरा वर्षं बसून होतं.

आता ती कपबशा गोळा करता करता म्हणाली, "अहो, जाऊन या ना. उद्या सोमवार आहे. ताई उगाच बोलणाऱ्या नाहीत. भांडतात तेव्हासुद्धा उगाच भांडत नाहीत."

"माझा गुडघा?"

"गुडघ्याला माझी गाडी आहे," हायम म्हणाले. "सहा महिने उभी आहे. तिलाही हवापालट."

विश्वजीतने टोपण लावलं.

सुनंदाताई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेल्या, तर पाठोपाठ कुमार आला. दार लोटून घेतलं.

"काय माहितीय तुला?"

"काही नाही."

"ताई, तू खोटं बोललीस की कानाची पाळी चोळतेस. लहानपणापासून बघतोय."

त्यांनी हात खाली घेतला.

"मला सांगू नकोस," कुमार म्हणाला. "मला कळलं तर मलाही लपवावं लागेल. पण ऐक. वादळ आलं, खरं. छप्पर नाही, तेही खरं. एवढ्यावर लोकांना छप्पर मिळतंय. मिशन फक्त वादळाचं नुकसान देतं, दुसऱ्या कशाचं नाही. दादाला तिथे नेलंस आणि त्याला काही खटकलं, तर तो सही करणार नाही. मग पुढच्या पावसात त्या लोकांनी बसायचं कुठे? दादाची सचोटी आपण घराच्या वेळी पाहिली आहे. लेव्हल लावून वाटणी केली त्याने. माणसं तुटली तरी माप चुकलं नाही."

"आणि त्याने खोट्यावर सही केली तर?"

"त्याला माहीत नसेल तर ते खोटं नाही."

"मला माहीत आहे, कुमार."

"मग ते तुझं ओझं. त्याच्या डोक्यावर कशाला देतेस?"

सुनंदाताई रात्रभर नाही, पण बरीच रात्र जाग्या होत्या. कुमारचं म्हणणं त्यांना खोडता येईना. मैनाला दिलेला शब्द एकीकडे. दुसरीकडे भावाची सही. जन्मभर त्याने एवढंच एक जपलं होतं, आणि ती सही आपल्या डोळ्यांदेखत खोट्यावर होऊ द्यायची? तोंडून जाणार नाही असं आपण म्हटलं आहे, पहाटे त्यांनी मनाशी ठरवलं. तोंडून जाणार नाही. पण तो आपल्या डोळ्यांनी बघेल. हा विचार त्यांना तेव्हा फार सरळ वाटला होता.

सोमवारी सकाळी हायमच्या गाडीत चौघं बसले. पुढे विश्वजीत, मागे सुनंदाताई आणि अनुष्का. अनुष्का खिडकीबाहेर बघत राहिली. कर्नाळ्याची खिंड गेली, आपट्याचा फाटा आला. वादळाने मोडलेली झाडं अजून रस्त्याकडेला पडून होती, पण बुंध्यांना नवे कोंभ फुटले होते.

"माझे वडील म्हणायचे," हायम म्हणाले, "तुमच्या आप्पांनी त्या कौलांसाठी वखारीत इतक्या चकरा मारल्या की शेवटी ते म्हणाले, मास्तर, कौलं मीच पोचवतो, पण आता घरी जा."

विश्वजीत हसला.

गाडी वाडीत शिरताच पोरं धावली. मैना दारात आली, आधी सुनंदाताईंना पाहून हसली, मग पुढच्या दारातून काठी टेकत उतरणाऱ्या विश्वजीतकडे तिची नजर गेली. ते हसू तिथेच थांबलं. तिने सुनंदाताईंकडे पुन्हा पाहिलं नाही.

हिरामण पुढे आला. सत्तरी ओलांडलेला, वाळक्या अंगाचा. "दादा, तुमी? पाय दुखतो ना तुमचा?"

"आधी देऊळ दाखव," विश्वजीत म्हणाला.

देवळात ऊन पडलं होतं. जमीन स्वच्छ सारवलेली. व्यासपीठ प्लास्टिकने झाकलेलं. हायम मधोमध उभे राहून वर बघत म्हणाले, "आमचा मांडवाचा सण असतो. आठ दिवस अशा छपराखाली बसायचं की वर आकाश दिसलंच पाहिजे. तुम्ही बारा महिन्यांचा केलात."

कुणी हसलं नाही. विश्वजीत भिंतीकडेने चालत होता. मान वर, डोळे बारीक केलेले. तो एका वाशाखाली थांबला, मग दुसऱ्या. एका कोपऱ्यात बराच वेळ उभा राहिला. तिथल्या रीपा तुटलेल्या होत्या, खिळे वाकलेले. तिथून तो पुढच्या भागात आला. इथे रीपा सरळ, एकीलाही धक्का नाही.

"अनुष्का," तो म्हणाला, "इकडे ये. या कोपऱ्यात काय दिसतं?"

"रीपा मोडल्यात."

"आणि इथे?"

ती वर बघत राहिली. हळूहळू तिचे कान लाल झाले.

"वारा कौल उचलतो तेव्हा रीपेला ओढतो," विश्वजीत म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "खिळा वाकतो, रीप फाटते. इथे एक खिळा वाकला नाही. इथली कौलं हाताने उतरवली आहेत. खालून वर, ओळीने. चांगल्या माणसाने उतरवली आहेत." तो वळला. "हिरामण, कुणी नेली?"

दारात सगळी वाडी जमली होती. हिरामणने तोंड उघडलं, पण आवाज मैनाचा आला. ती माणसांना बाजूला सारत आत आली.

"त्याला काय इचारता? चला, दाखवते. बायनं आनलंच हाय तर सगलं बघा."

तिने विश्वजीतला घरोघर नेलं. काठी टेकत, गुडघा धरत तो प्रत्येक दारात वाकून आत गेला. एका घरात दोन म्हातारी माणसं, एका घरात आंधळी बाई, एका घरात तीन चिल्लीपिल्ली. प्रत्येक घराच्या एका बाजूला, माणसं झोपतात तेवढ्यावरच, आप्पांची लाल कौलं. बाकीचं गवत आणि माडाच्या झावळ्या.

"किती घरं?" विश्वजीतने विचारलं.

"अकरा," हिरामण म्हणाला. "तान्हं पोर आसल त्याला आधी. मग म्हातारं. मग आजारी."

"आणि तुझं?"

"सुनेची पोर व्हती तरी आमचं शेवटी धरलं. पुढाऱ्यानं आधी घेतली तर लोक बोलतील. काचेचं कौल कोनी घेईना, म्हनले ऊन लागंल. तं ते ऱ्हायलं आमाला."

मैनाच्या घरात ती पोर गोधडीवर पडली होती. सहा महिन्यांची. काचेतून आलेला उजेडाचा चौकोन तिच्या पायावर पडला होता आणि ती पाय झाडून तो पकडायला बघत होती. विश्वजीत वाकला, भिंतीला धरून खाली बसला. त्याला खाली बसता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्याने आपल्या वडिलांचं कौल बराच वेळ पाहिलं.

"मला का नाही सांगितलंत?" तो म्हणाला. "मिशन छप्पर देणार नाही म्हणून?"

"मिशनला कोन घाबरतंय?" हिरामण म्हणाला. "मिशन आमी कदी पायलं? तुमाला घाबरलो. तुमी आप्पांचे."

सुनंदाताई दाराशी उभ्या होत्या. भावाच्या चेहऱ्यावर त्यांनी असं काही आधी पाहिलं नव्हतं. घर पाडलं तेव्हाही नाही, आप्पा गेले तेव्हाही नाही. जन्मभर तो आपल्या चोखपणाचा आधार वाटावा म्हणून धडपडला होता. आणि ज्यांच्यासाठी, ती माणसं पावसात भिजायला तयार होती, पण त्याला सांगायला नाही.

"अनुष्का, फॉर्म आण," तो म्हणाला.

"काका, मी विचारलं होतं त्यांना, वाऱ्याने नेलं ना म्हणून..."

"तू उत्तर सांगून प्रश्न विचारलास. मीही आयुष्यभर तसंच विचारत आलो. आण."

गोधडीशेजारी बसूनच त्याने त्या फॉर्मवर आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होता, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. "छपराचा सुमारे तिसरा हिस्सा वादळाने नेला. उरलेला मंडळीने स्वतः उतरवून अकरा घरांवर घातला. त्या वेळी बाजार बंद होता, पाऊस सुरू झाला होता आणि शासनाच्या आदेशाने देऊळ कुलूपबंद होते." तो थांबला. पेन ओठाला लावलं. मग आणखी एक ओळ लिहिली. "मी तिथे असतो तर शिडी मी धरली असती."

खाली सही केली, तारीख घातली.

हिरामणला वाचता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मैनाने चहा टाकला. हायमनी चहा बिनदुधाचा मागितला आणि त्यावरून परेशने त्यांची चेष्टा केली, तेव्हा कुठे घरात माणसं श्वास घेऊ लागली.

निघताना मैना गाडीपर्यंत आली नाही. सुनंदाताईच मागे वळून तिच्याकडे गेल्या.

"मैने, मी काही बोलले नाही हं."

"नाय बोललीस," मैना म्हणाली. "गाडीत घालून घेऊन आलीस." आणि ती रिकाम्या कपबशा उचलून आत गेली.

कुमारची भीती खरी झाली. जानेवारीत उरणचं आणि चिरनेरकडचं सामान निघालं. टेंभीच्या कागदावर पुण्याहून उत्तर आलं, की समितीला भावना समजतात, परंतु नियमात फक्त तिसऱ्या हिश्श्याचंच सामान बसतं, आणि तेवढ्यात छप्पर होत नाही. तरी प्रकरण विचाराधीन आहे. विश्वजीतने सोळा पत्रं लिहिली. टेंभीची मंडळी दर रविवारी एकेका घरात बसू लागली, अकरा घरं पाळीपाळीने.

पुढच्या जुलैत वाडीजवळच्या नदीला, पाताळगंगेला, मोठा पूर आला, त्याच आठवड्यात हिरामण गेला. घर लहान, माणसं फार. म्हणून त्याला देवळात ठेवलं. परेश आणि तिघांनी चार कोपरे धरून वर ताडपत्री ताणली. उपासना संपेपर्यंत त्यांचे हात भरून आले, आणि शेवटच्या गीताच्या वेळी एक कोपरा सुटला. पाणी थेट शवपेटीवर आलं. सुनंदाताई भिजत उभ्या होत्या. मैनाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

छप्पर बावीस सालच्या एप्रिलमध्ये झालं, साधं पत्र्याचं. वाडीने आप्पांची कौलं परत द्यायची तयारी केली. विश्वजीत म्हणाला, जिथे आहेत तिथे राहू देत. त्यानंतर तो दर महिन्याला टेंभीला जाऊ लागला, काही तपासायला नाही, नुसता बसायला. चोवीस सालच्या लेंटमध्ये, म्हणजे उपवासाच्या दिवसांत, तो झोपेत गेला. त्याच्या मातीला टेंभीहून सदुसष्ट माणसं आली. पनवेलच्या मंडळीला बाकं कमी पडली.

कुमार त्या सोमवारनंतर आठ महिने भावाच्या घरी फिरकला नाही. हिरामणच्या मातीनंतर आपणहून आला आणि म्हणाला, मी बरोबर होतो. विश्वजीत म्हणाला, होतास. तेवढ्यावर दोघं जेवायला बसले. आता पाहणीदार कुमारच आहे.

अनुष्काने मुंबईतली नोकरी सोडून मिशनचंच काम धरलं. गावात गेल्यावर ती आधी घरं बघते, देऊळ शेवटी. प्रश्न थोडे विचारते आणि मग बराच वेळ गप्प बसते. लोक म्हणतात, ही पोरगी शहरातली वाटत नाही.

हायम तेवीस सालच्या उन्हाळ्यात मुलाकडे इस्राएलमध्ये अश्दोदला गेले, दोन महिन्यांसाठी म्हणून, आणि तिकडचेच झाले. दर रविवारी दुपारी त्यांचा फोन येतो. कुमुदने काय शिजवलं ते विचारतात आणि उसासा टाकतात. कुमुद एकटी पडली तेव्हा सुनंदाताई तिच्याकडे राहायला आल्या. दोघी दिवसातून दोनदा भांडतात. भांडी मात्र सुनंदाताई घासतात.

आणि मैना. हिरामण गेल्यावर वर्षभर ती सुनंदाताईंशी कामापुरतं बोले. छप्पर झालं त्या दिवशी पुढाकार तिचाच होता, पण जेवणाची भाकर सुनंदाताईंना दिली ती दोन वर्षांच्या नातीच्या हातून. पुढे हळूहळू येणं-जाणं सुरू झालं, कशामुळे ते दोघींनाही सांगता येणार नाही. गेल्या हिवाळ्यात सुनंदाताई चार दिवस टेंभीला राहिल्या. दुपारी ओसरीवर मैना वालाच्या शेंगा सोलत बसली होती. नात शाळेत गेली होती. सुनंदाताई तिच्याजवळ बसल्या आणि पाच वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"मैने, मी तेव्हा चुकले का गं?"

मैनाने शेंग फोडली, दाणे टोपलीत टाकले, टरफल बाजूला फेकलं. दुसरी शेंग घेतली. तीही सोलली.

"चुकलीस," ती म्हणाली.

मग तिने शेंगांचा अर्धा ढीग सुनंदाताईंच्या पुढ्यात सरकवला.

"हात चालव आता. पोर शालंतून यायच्या आत झालं पायजे."